झिंग्यांवरची पांढरी पावडर

साठ सालच्या आसपास मी शहादे तालुक्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. म्हसावदच्या बाजारात एक विधवा बाई सुके झिंगे तिखट-मीठ लावून तळायची आणि कागदाच्या पुड्यांतून विकायची. झिंगे सुरतेकडून पोत्यांनी येत. शेतावरची माणसं ते भाकरीबरोबर खात.

पहिल्या भेटीत मी तिला दम दिला. टोपल्यांवर माशा घोंघावत होत्या. "पुढच्या खेपेला एक जरी माशी दिसली, तर सगळा माल पुरून टाकीन." जाळीचं कपाट घ्यायला सांगितलं. तसलं कपाट तिला परवडणार नाही हे मला दिसत होतं, पण नियमांच्या छापील कागदावर तेच लिहिलेलं होतं.

महिन्याभराने गेलो तर खरंच एकही माशी नाही. बाईने हसून टोपली पुढे केली. मीही खूश झालो, शेरा लिहायला वही काढली. सहज एक झिंगा उचलला, तर बोटांना पांढरी भुकटी लागली. वास ओळखीचा होता. हिवतापाच्या फवारणीची डीडीटी.

"बाई, यावर काय टाकलंय?"

"सरकारनी पावडर शे, साहेब. फवारनीवालापाईन मांगी लई उनू. तुम्हीनच सांगेल व्हतं ना, माशी बसाले नको."

"अहो, फवारणीवाल्याकडून मागून आणलंत? विष आहे ते!"

"इख? मंग आमना घरमा सरकार कसाले फवारस?"

तिला वाटलं, मी उगाच खोट काढतोय. माझ्यादेखत तिने मूठभर झिंगे तोंडात टाकले. मी हात धरेपर्यंत गिळलेही.

तिला काही झालं नाही, निदान त्या दिवशी तरी. एक पुडी नमुना म्हणून सील करून मी प्रयोगशाळेत पाठवली. टोपल्या आणि घरातलं पोतं गावाबाहेर पुरायला लावलं, वर रॉकेल ओतलं. खड्डा तिच्याच दिराने खणला. ती काठावर उभी होती.

प्रयोगशाळेतून उत्तर आलं, नमुन्याचं सील तुटल्यामुळे तपासणी झाली नाही. अहवालात मी माझा दमही लिहिला होता. वरच्या साहेबांनी त्या ओळी काढायला सांगितल्या. मी काढल्या.

नंतर एकदा तिच्या घरी गेलो, माफी मागावी म्हणून. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, मजुरीला गुजरातेत गेली. कुठल्या गावाला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.