डावा म्हटलं की उजवीकडे

कुठलीही चालती गोष्ट दिसली की ती आपणच हाकतोय, असं आबांना वाटायचं. भोंगवलीतले आमचे हे शेजारी म्हणजे जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. बैल गेले, ट्रॅक्टर आले, पण हाकणं सुटलं नाही. एसटीत बसले तरी वळणावर यांचं 'हां, हां, दमानं' सुरू. किकवीहून मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून आणायची, तेव्हा वळायचं आलं की खांद्यावर थाप पडायची. एकदा डाव्या खांद्यावर पडली म्हणून डावीकडे वळले, तर वर मलाच, "कुठं चाललीस गं? उजवीकडं जायाचं न्हवं का?" म्हातारपण, म्हणून मी सोडून दिलं. तिथेच माझं चुकलं.

माझ्या भावाने पुण्यात हौसेने हस्की जातीचं कुत्रं पाळलं. सहा महिन्यांत हौस फिटली आणि ते निळ्या डोळ्यांचं केसाळ धूड आमच्या गळ्यात पडलं. बर्फात गाड्या ओढणारी जात. आमच्याकडे दिवसभर पंख्याखाली ओल्या पोत्यावर पडायचं आणि ऊन उतरलं की गावच्या कोंबड्या धरायचं. तिसरी कोंबडी गेली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "होळीपातूर बघीन. न्हाईतर धाडून देईन." धाडणार कुठे? भाऊ तर कुणाही अनोळखी माणसाच्या हाती देऊन मोकळा झाला असता. आणि मला त्या कुत्र्याचा लळा लागून बसला होता.

"ह्येला काम न्हाई, म्हनून ह्यो वाया गेलाय," आबांनी निदान केलं. "रिकामा बैल बी दावं तोडतो." त्यांनी नावही बदलून टाकलं. हरण्या, त्यांच्या शेवटच्या बैलाचं.

काम मी मोबाईलवर शोधलं. दोन मोठ्या चाकांची, उभं राहायला फळी असलेली, बिनइंजिनाची स्कूटर, पुढे दोरीने जुंपलेलं कुत्रं. लगाम नाही, नुसत्या शब्दावर वळवायचं. स्कूटर मागवली आणि रोज उजाडताना, गारव्यात, 'डावा', 'उजवा' शिकवू लागले. आठवड्यात येतं, असं मोबाईलमधला माणूस छातीठोकपणे सांगत होता. दिवसा मी किकवीला औषधांच्या दुकानात असायची, म्हणून संध्याकाळचा सराव आबांनी मागून घेतला.

दीड महिना झाला तरी काही नाही! 'उजवा' म्हटलं की हा डावीकडे. 'डावा' म्हटलं की उजवीकडे, नाहीतर मधेच उभा राहून माझ्याकडे बघायचा, जणू मलाच काही कळत नाही. एकदा कांद्याच्या वाफ्यात आपटले, एकदा उकिरड्यात. "कुत्रं औताला जुंपलंया," म्हणून बायका तोंडाला पदर लावायच्या. मी रडकुंडीला आलेली आणि आबा खुशीत. "माझ्याकडं तर शाण्यावानी वळतो. तुझ्या आवाजातच जोर न्हाई."

एका संध्याकाळी मी लवकर घरी आले, तर अंगणात यांची शाळा चाललेली. आबा कुत्र्याच्या डाव्या अंगाला उभे. "डावा!" म्हणाले आणि त्याच्या डाव्या कुशीवर हलकी थाप मारली. हरण्या उजवीकडे वळला. आबांनी त्याला भाकरीचा तुकडा दिला.

माझा तोल गेला. "आबा, काय शिकवताय हे? डावा म्हणायचं आणि उजवीकडे?"

"मंग? उजवीकडं वळायचं तर डाव्या बैलालाच हाकायचा. उजवा दबून ऱ्हातो, डावा फिरून येतो, तवा गाडी वळती."

"अहो, पण हे एकच आहे! याला जोडीदार कुठाय?"

आबांनी हरण्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे. "व्हय गं," ते म्हणाले. "एकलाच हाय." दोरी माझ्या हातात दिली आणि घरी गेले.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण होळी आठ दिवसांवर आली होती, रागाने माझं डोकं फुटत होतं. गेले तर गेले, असं वाटलं. पुन्हा ते आमच्याकडे आले नाहीत आणि मीही गेले नाही.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी आबांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. तिथे त्याचं घर चौथ्या मजल्यावर. मी हरण्याला घेऊन रस्त्यावर होते, तेवढ्यात त्यांची गाडी शेजारून गेली. हरण्याने खिडकीत आबांना पाहिलं आणि सुसाट सुटला. पुढे तिठा होता. डावीकडे हायवे, उजवीकडे मळ्यांचा रस्ता. गाडी डावीकडे वळली. मी ब्रेक दाबत ओरडत होते, "उजवा! हरण्या, उजवा!" जितकी ओरडले तितका तो डावीकडे ओढू लागला. ट्रकचे भोंगे ऐकू येत होते. तिठ्यावर अण्णा दुधाची किटली घेऊन उभे, त्यांचा चेहरा पांढराफटक.

गाडीच्या खिडकीतून आबांनी डोकं बाहेर काढलं. "डावाऽऽ!"

हरण्या गर्रकन उजवीकडे वळला. मी स्कूटरला नुसती लटकून होते. तो थांबला तेव्हा वळून पाहिलं, तर गाडी दिसेनाशी झाली होती.

अण्णा मागून आले. किटली खाली ठेवली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला."

आबा त्याच पावसाळ्यात पुण्यात वारले. हरण्याला सरळ करण्याचा नाद मी सोडून दिलाय. मीच उलटं शिकले. तिठ्यावर मी 'डावा' ओरडते आणि आम्ही उजवीकडे वळतो. एसटीची वाट बघणारे हसतात. हसू देत. मला तिथे रोज एकच आठवतं. त्या दिवशी मी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली होती आणि आबांना हात करायचा राहून गेला.