तळं नसलेल्या गावातला संघ

ओल्या रबराला एक वास असतो. त्यात माती, घाम आणि तुडवल्या गवताचा कच्चा रस मिसळला की तो आमच्या घराचा वास होतो. ऑक्टोबर लागला की स्वयंपाकघरातल्या, घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरवर इराचे गोलकीपरचे हातमोजे वाळत पडलेले असतात, पंजे वर करून. बाहेर स्लायगोचा, आमच्या या परदेशातल्या किनारी गावाचा पाऊस समुद्रावरून आडवा येतो, आत हिंगाची फोडणी आणि ते रबर एकमेकांवर कुरघोडी करत राहतात. त्या वर्षी दिवाळीला माझे वडील, आबा, कोल्हापूरहून आमच्याकडे आले होते. आल्या आल्या त्यांनी त्यातला एक हातमोजा उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून म्हणाले, "खेळाडूचं घर हाय म्हनायचं."

आबा स्वतः एके काळी पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून बचावफळीत खेळायचे. कोल्हापुरात फुटबॉल शिकावा लागत नाही, तो जन्माबरोबर मिळतो. कुठल्या पेठेत पाळणा हलला यावर माणसाचा रंग ठरतो आणि तो रंग सरणापर्यंत उतरत नाही. माझ्या लहानपणी मुली मैदानावर जात नसत. मी गच्चीवर वाळवणाची राखण करत बसायची आणि दूरवरून येणाऱ्या आरोळ्यांवरून ओळखायची, की गोल आपल्याकडून झाला की आपल्यावर. दोन आरोळ्यांमधला तो सूक्ष्म फरक मला आजही ऐकू येतो. पण त्या आवाजाखाली नेमकं काय घडतं हे मी प्रथम पाहिलं ते फार उशिरा, परक्या देशात, जेव्हा माझी स्वतःची मुलगी दोन खांबांमध्ये उभी राहिली.

त्या दिवाळीला इरा एकवीस वर्षांची होती. इथल्याच कॉलेजातून पदवी घेऊन ती गावच्या महिला संघात, देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळत होती. मी इथल्या मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मजंतूंची वसाहत कशी वाढते, एका थेंबातून दुसऱ्या दिवशी केवढं साम्राज्य उभं राहतं, हे मला नीट समजतं. म्हणून त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एका व्यावसायिक क्लबाकडून इराला बोलावणं आलं, तेव्हा मला वाटलं, तिथल्या फुटबॉलची रचनाही मी चार दिवस वाचून समजून घेईन. तसं झालं नाही. जितकं वाचलं तितकं धुकं दाट होत गेलं.

क्लब एका मोठ्या तळ्याकाठच्या शहरातला होता आणि त्याच्या नावातच तळं होतं. इराने मला चित्रं दाखवली: निळं पाणी, पाण्यासारखाच निळा पोशाख, छातीवर लाटेचं चिन्ह. मला ते शहर आवडलं. पाण्याकाठच्या माणसांना पाण्याकाठी पाठवताना आईला जरा धीर येतो, निदान मला तरी आला.

मग एका संध्याकाळी त्या क्लबच्या बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. आमच्याकडे चारलाच अंधारून आलं होतं. त्यांच्या मागे मात्र खिडकीत लख्ख ऊन होतं. जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो होतो: इरा, माझा नवरा मकरंद, मी आणि शाल पांघरून शेंगा सोलत बसलेले आबा. बाई फार प्रसन्न होत्या. त्यांनी सांगितलं की करार क्लबशी नव्हे, लीगशी होईल. लीग ही एकच मोठी संस्था आणि क्लबांचे मालक हे तिचे भागीदार. त्या देशात बायकांचा हा खेळ याआधीही अनेकदा उभा राहिला होता आणि अनेकदा बसला होता. लीग निघायच्या, काही हंगाम गाजायच्या आणि एका सकाळी बंद पडायच्या. खेळाडू बुटांच्या पिशव्या घेऊन घरी परतायचे. म्हणून या खेपेला पायाच असा घातला होता की कुणी एकटा बुडू नये. प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा, मिळकतीत सगळ्यांचा वाटा, आणि नवा संघ हवा असेल त्या शहराने दार वाजवायचं, प्रवेशाचं मूल्य भरायचं आणि आत यायचं. आता शहरं रांगेत उभी आहेत, बाई म्हणाल्या. केवळ या खेळासाठी मैदानं बांधली जात आहेत. उपनगरांतल्या लाखो मुली आईबापांच्या पैशांवर क्लबांत शिकतात, त्यांतल्या काही विद्यापीठांत जातात आणि तिथून थोड्या इथवर पोहोचतात.

"ह्यास्नी इचार," आबा शेंगेवरून नजर न उचलता मला म्हणाले, "शेवटचा नंबर आला तर खालच्या लीगमदी जात्यात न्हवं?"

मी विचारलं. बाई हसल्या. "नाही, नाही. कुणीच खाली जात नाही. पुढच्या हंगामात सगळे पुन्हा इथेच."

मी आबांना ते मराठीत सांगितलं. हातातली शेंग तशीच राहिली. "आनि खालनं वर?"

"वरही कुणी येत नाही, आबा. वर यायचं तर विकत यायचं."

आबांनी ती शेंग परत ढिगात टाकली. मग हळूच म्हणाले, "पडायचं भ्याव न्हाई. मग जीव तोडून खेळत कशासाठी असत्याल?"

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही. पण इराला मराठी कळतं, बोलत नाही एवढंच. तिने आजोबांकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे.

त्या रात्रीपासून माझ्या मनात एक राग साचत गेला. ज्याला तळ नाही त्याला शिखर कसं असेल, असं काहीबाही मी स्वतःशी बोलत राहिले. मकरंदला ती रचना शहाणपणाची वाटत होती. तो अभियंता आहे, कोसळणार नाही अशा प्रत्येक गोष्टीबद्दल त्याला आदर आहे. आमचं त्यावरून दोनदा भांडण झालं, तेही इतकं मनापासून, की जणू आमच्या घराण्याचाच एखादा संघ होता.

शेवटी मी डर्व्हलाकडे गेले. डर्व्हला इथल्या एका शाळेत व्यायाम शिकवते आणि गावच्या त्याच महिला संघाची प्रशिक्षक आहे. इराला तिने दहाव्या वर्षापासून घडवलं. सराव संपला होता, ती मैदानावरचे सरावाचे प्लास्टिकचे शंकू गोळा करत होती, वाऱ्याने तिचं बोलणं अर्धं उडून जात होतं. मी माझं सगळं गाऱ्हाणं मांडलं: बंद दारांची लीग, न घसरणारे संघ, करार भलत्याशीच.

ती थांबली. "पण आपल्या मुलींना तरी खाली कुठे जाता येतं?" ती म्हणाली. "खालची पायरी पुरुषांच्या लीगला आहे. आपल्याला खाली जायला जागाच नाही. आपण दोन वर्षं तळाशी होतो, तुझ्या लक्षात नाही का आलं?"

नव्हतं आलं. मी प्रत्येक सामन्याला गेले होते, गारांत उभी राहिले होते, हरल्यावर गाडीत मुलीच्या शेजारी मौन पाळलं होतं, आणि हरून संघाचं काय होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, तळाशी गेलो तर काहीतरी भयंकर होईल. प्रत्यक्षात काहीच झालं नव्हतं, आणि तरीही त्या मुली जीव तोडूनच खेळत होत्या. शंकूंची चळत छातीशी धरून डर्व्हला निघून गेली. मी काय शोधायला आले होते तेच मला आठवेना.

नोव्हेंबरअखेरीला इराने सही केली. आबांनी देवापुढे साखर ठेवली. मी तळ्याकाठच्या थंडीसाठी जाड लोकरीचे मोजे आणले.

आणि नाताळच्या आधी बातमी आली, की क्लब विकला गेला. नव्या मालकाने तो दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं होतं, दोन हजार मैलांवर, वाळवंटाच्या कडेला. खेळाडू तेच, पोशाख तोच, नावही तेच. इराने जेवता जेवता, जणू बसचं वेळापत्रक बदललं असावं, तसं हे सांगितलं. तिचा करार लीगशी होता, त्यामुळे तिच्या दृष्टीने कागदावर काहीच बदललं नव्हतं. तळ्याच्या नावाचा संघ आता तळं नसलेल्या गावात खेळणार होता, एवढंच.

"आनि त्या पयल्या गावातली मानसं?" आबांनी विचारलं. "जी रोज बगायला येत हुती?"

"दे आर हार्टब्रोकन, आबा," इरा म्हणाली. तिचा आवाज आता सपाट नव्हता.

आबांनी ताट बाजूला सारलं. "पेठ सोडून तालीम कुठं जाती का? गाव बदललं की संघ ऱ्हातुय का त्यो?"

इराने माझ्याकडे पाहिलं. मग क्वचित बोलते त्या तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आई पण आली ना गाव सोडून. ती तीच राहिली ना."

आबा माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात तक्रार होती की लेक परक्या मुलखात गेल्याचं जुनं न बोललेलं दुःख, की नुसतंच कुतूहल, हे मला कळलं नाही. मी उठून वरण उगाचच ऊन करत राहिले.

दुसऱ्या दिवशी, दुपारच्या पिवळट, दमलेल्या उजेडात, मी आणि इरा समुद्रावर फिरायला गेलो. भरती होती, लाटा दगडांच्या बांधावर आपटून वर उडत होत्या आणि शेवाळाचा ओला, लोखंडी वास पसरला होता. मी तिला म्हटलं, "अजून 'नको' म्हणता येईल. मला हे सगळं समजत नाही, इरा. उद्या ते तुला तिसऱ्याच गावी नेतील. तू कुणासाठी खेळणार?"

"मला पण नाही समजत," ती म्हणाली. मग नेहमीच्या इंग्रजीवर आली, इथल्या मुलींच्या त्या चढ्या-उतरत्या सुरात. ती म्हणाली की तिनेही सगळं वाचलंय आणि तिलाही ते वेडगळ वाटतं. पण तिथे रोज सराव असतो, पूर्ण दिवस. कामावरून धावत येऊन अंधारात दिव्याखाली उभं राहायचं नसतं. गोलकीपरना शिकवायला स्वतंत्र माणूस असतो. आणि गोल तेवढाच उंच असतो. "द गोल्स द सेम साइझ, आई. एव्हरीव्हेअर."

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले होते. तिने ते बाजूला केले तेव्हा मला दिसलं की ती घाबरलेली आहे. इतके दिवस मी माझ्याच गोंधळाच्या काचेतून तिच्याकडे पाहत होते, आणि तिच्या चेहऱ्यावरचं भय मला तिचा निर्धार वाटत होता. मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही. एकविसाव्या वर्षी हे पुष्कळ झालं.

जानेवारीत आधी आबा परतले. विमानतळाच्या बसपाशी त्यांनी इराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला त्यातलं काय बी कळत न्हाई, पोरी. पर तू जा." पुढच्याच आठवड्यात इरा गेली. लोकरीचे मोजे तिने सामानातून हसत काढून ठेवले होते.

तिकडून फोन येतात. ऊन इतकं आहे की सराव पहाटे असतो. प्रेक्षक नवे आहेत. कधी टाळ्या वाजवायच्या ते त्यांना अजून कळत नाही, पण येतात मात्र घरच्यांना घेऊन, लहान मुलांना निळे सदरे घालून. तळ्याकाठच्या गावातले काही जुने लोक एका सामन्याला रात्रभर प्रवास करून आले आणि कुणाच्या बाजूने ओरडावं ते न कळून मुकाट बसून राहिले, असं इराने सांगितलं. ती अजून राखीव खेळाडूंच्या बाकावरच आहे. "इट्स ग्रँड," असं म्हणते, आणि इथे ग्रँड म्हणजे ठीक, बरं, सोसतेय, विचारू नकोस, सगळंच असतं.

मार्चमधल्या एका शनिवारी मी भाजी आणायला निघाले आणि गाडी मैदानापाशी जाऊन थांबली. गावच्या मुलींचा हंगामातला पहिला सामना होता. मी का उतरले ते मला सांगता येणार नाही. ऊन-पावसाचा खेळ चालला होता; डोंगराच्या सपाट माथ्यावरून ढगांच्या सावल्या सरकत मैदानावर येत होत्या आणि हिरवा रंग क्षणोक्षणी बदलत होता. गोलमध्ये एक नवी मुलगी होती, तांबूस केसांची, अजून खांबांमधल्या जागेचा अंदाज न आलेली. पहिल्याच कॉर्नर किकला ती पुढे धावली, चेंडू हुकला आणि ती दोन-तीन जणींखाली सापडली. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. ती उठेना.

"ऊठ!" मी ओरडले. "ऊठ गं, ऊठ!"

मराठीत. माझा आवाज वाऱ्यावरून साऱ्या मैदानभर गेला. त्या मुलीने मान वळवून कुंपणाकडे पाहिलं, शब्द कळण्याचं कारणच नव्हतं, आणि गुडघ्यांवर हात टेकून ती उभी राहिली.

माझ्या शेजारी पाहुण्या संघाबरोबर आलेली एक बाई थर्मासमधला चहा पीत होती, माझ्याच वयाची, कुणाची तरी आई. तिने हसून माझ्याकडे पाहिलं. "ती गोलकीपर तुमची का?" तिने विचारलं.

खरं सांगायला फार वेळ लागला असता, आणि त्यातलं किती मला नीट सांगता आलं असतं कोण जाणे. समोर पुन्हा कॉर्नर मिळाला होता. मी कुंपणाचा थंड गज दोन्ही हातांनी धरला आणि मान डोलावली.