डाव्या पंखाजवळचं माणूस

आमच्या फ्लाइंग क्लबच्या हँगरच्या दारावर वीतभर पांढरा ओरखडा उमटला आहे. काल मेकॅनिक सावंतकाका छोटं विमान आत ढकलत होते, तेव्हा डाव्या पंखाचं टोक तिथं घासलं. आता तपासणी होईपर्यंत ते विमान उडणार नाही.

विमान आत घेताना दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस हवं, कारण ढकलणाऱ्याला टोकं नीट दिसत नाहीत. क्लबची व्यवस्थापक म्हणून मीच केलेल्या सुरक्षेच्या यादीत हा नियम आहे. काल उजवीकडे वॉचमन होता. डावीकडे मी जायचं होतं. "आले हं," असं ओरडून मी ऑफिसात फायली लावत बसले आणि मी पोचले असं धरून काकांनी ढकललं.

"बाई, रिपोर्टात माझं नाव टाका. म्हातारा आहे, खपून जाईल," काका म्हणाले.

"खपत नाही काका, घरी बसवतील तुम्हाला," मी म्हटलं आणि माझं नाव लिहिलं.

घरच्या फाटकातून मी गाडी मागे घेताना आमचे हे मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणायचे. ते गेल्यापासून मी तीनदा उतरून बघते, तरी गाडी एकदा खांबाला घासलीच.

आज संध्याकाळी दुसरं विमान आत घ्यायचं होतं. मी वेळेआधीच डाव्या पंखाशी जाऊन उभी राहिले.

"बाई, आहात ना?" काकांनी विचारलं.

"आहे. येऊ द्या, येऊ द्या," मी म्हणाले. किती दिवसांनी हे शब्द माझ्या कानांवर पडत होते.