जाड ऑइल

गाडीला काय होतंय हे लोक त्याला शब्दांत सांगायचेच नाहीत. चांगली पोक्त, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं गॅरेजच्या दारात उभी राहून तोंडाने आवाज काढायची. कुणी म्हणे कुर्र-कुर्र करते आणि मग टॉक्. एक दातांचा डॉक्टर तर गाल फुगवून फुस्स करून गेला होता. हा मेकॅनिक सगळं ऐकून घ्यायचा, तोच आवाज त्यांच्यापेक्षा बरा काढायचा आणि विचारायचा, "असा?" माणूस खूश. मग तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून लाकडी मूठ कानाला लावायचा. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही, खोकलेलं तर नाहीच. यावरूनच त्याला सगळे स्टेथो म्हणायचे.

अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीची गाडी चौथ्यांदा परत आली.

बहीण त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून छोटी. पन्नाशीला टेकली तरी छोटीच. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून क्लच सोडा, हळू सोडा, अहो हळू म्हणजे हळू, असं म्हणून म्हणून तिचा आवाज किसणीसारखा झाला होता. तिच्या गाडीचं दुखणं एकच. सिग्नलला थांबायची वेळ आली, वेग उतरला, की इंजिन थरथरायचं आणि गप्प व्हायचं. रस्त्यावर पळताना काही नाही. मागून हॉर्न सुरू, शिकणारा रडकुंडीला, आणि छोटी ठरलेलं वाक्य टाकायची की क्लच चुकला.

स्टेथोने पहिल्यांदा हवेचा मार्ग साफ केला. दुसऱ्यांदा प्लग बदलले. तिसऱ्यांदा सेन्सर. दर वेळी गाडी देताना तो ऑइल तपासायचा आणि थोडं कमी वाटलं की आपल्या डब्यातलं घालायचा. दर वेळी छातीवर हात ठेवून सांगायचा की आता बघ. दर वेळी छोटी बघायची.

आज बुधवार. तिने किल्ली टेबलावर ठेवली, आपटली नाही. आपटली असती तर बरं झालं असतं.

"दादा, शुक्रवारी तिघांची परीक्षा आहे. गाडी बंद पडली की नापास ते होतात, तू नाही होत. मागच्या खेपेला शिंपीणबाई नापास झाल्या. आता नसेल जमत तर सांग, मी दुसरीकडे नेते."

"दुसरीकडे काय ठेवलंय?"

"स्कॅनर."

स्कॅनर त्याच्याकडेही होता. जावयाने दिलेला. खोक्यातून निघाला तेव्हापासून त्याचं आणि स्टेथोचं पटत नव्हतं. त्याने तो गाडीला जोडला. यंत्राने तेच सांगितलं जे तीन वेळा सांगितलं होतं, की व्हॉल्व्हचं टायमिंग, म्हणजे त्यांची उघडण्या-मिटण्याची वेळ, जागेवर यायला उशीर होतोय. स्टेथोने यंत्राकडे पाहिलं, पैसे मागणाऱ्या भिकाऱ्याने पुढे केलेल्या चहाकडे बघावं तसं.

कारण टायमिंग बरोबर होतं. त्याने वरचं झाकण उघडून चेनच्या खुणा जुळवल्या होत्या. एकदा नाही, दोनदा. चेन घट्ट, खुणेला खूण. म्हणजे टायमिंग बरोबर. म्हणजे यंत्र खोटारडं. त्याने तिसऱ्यांदा झाकण उघडलं. खुणा जशाच्या तशा. आता एखादी खूण सरकलेली असती तर त्याने तिचा मुका घेतला असता. दुपारपर्यंत त्याने फडकं दोनदा भिरकावलं आणि दोन्ही वेळा स्वतःच उचललं. बायको जेवायला बोलवायला आली, त्याचा चेहरा पाहिला आणि डबा स्टुलावर ठेवून निघून गेली.

शेवटी त्याने सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याला फोन लावला. पार्टवाला फोनवर हं म्हणायचा. सगळं ऐकून हं, मग पुन्हा हं, मग इतका वेळ गप्प की फोन कटला असं वाटावं.

"हं. ऑइल कुठलं घातलंस?"

स्टेथो भडकला. तीस वर्षं झाली, आता मला ऑइल विचारतोस, असं बरंच बोलला. पार्टवाल्याने ते सगळं हं मध्ये बसवलं आणि शांतपणे सांगितलं की बाबा, जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडतात, तू खूण जुळवलीस की संपलं. याच्यात वेळ चालताना बदलते. पळताना एक, उभं राहिल्यावर एक. आणि ती फिरवतं कोण, तर ऑइल. बारीक वाटांतून दाबाने जातं आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला जरासं पुढे-मागे करतं. आता ते ऑइलच आळशी असेल तर गाडी थांबली तरी व्हॉल्व्ह मात्र पळतीच्याच वेळेवर. मग इंजिन गुदमरणार नाही तर काय होणार.

स्टेथोने फोन ठेवला. मग इंजिनाजवळ जाऊन ऑइलचं झाकण पाहिलं. त्याच्यावर ठळक अक्षरांत पातळ ऑइलचा नंबर होता. हे झाकण त्याने दर वेळी स्वतःच्या हाताने उघडलं होतं.

आणि मग त्याला आठवलं की या चार खेपांच्याही आधी गाडी एकदा आली होती, ती बंद पडते म्हणून आलीच नव्हती. टक-टक आवाज येतो म्हणून आली होती. खरं तर छोटीला त्याचं काहीच नव्हतं, तोच अस्वस्थ झाला होता. त्याच्या गॅरेजमधून गाडी टक-टक करत बाहेर जाते म्हणजे काय. त्याने त्याचा नेहमीचा इलाज केला, म्हाताऱ्या इंजिनाला जाड ऑइल. आवाज गेला. छोटीला बोनेटपाशी उभं करून त्याने मिनिटभर शांतता ऐकवली होती.

दुखणं त्या शांततेतच होतं. आणि तीन वेळा त्याने त्यात भर घातली होती.

संध्याकाळी सगळं ऑइल काढलं. ते खालच्या बुचाच्या भोकातून असं सावकाश उतरत होतं की त्याला त्याचाही राग आला. फिल्टर बदलला, ऑइलच्या वाटेवरची बारीक जाळी धुतली, पातळ ऑइल भरलं. गुरुवारी सकाळी छोटी आली, तो शिकाऊच्या सीटवर आणि ती शेजारी, शिकवणाऱ्याच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. अकरा सिग्नल झाले. गाडी प्रत्येक ठिकाणी नीट उभी राहिली. फक्त, टक-टक-टक-टक.

"हा आवाज परत आला की," छोटी म्हणाली.

"येऊ दे." मग पुढच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "तो घालवायला मी जाड ऑइल घातलं होतं. म्हणून बंद पडत होती. माझ्यामुळे."

छोटीने रेडिओ बंद केला. तिच्या तोंडून आधी क्ल... एवढा अर्धा शब्द निघाला आणि राहिला. "महिनाभर मी त्या बाईला क्लचवरून बोलले," ती म्हणाली. "मला सांगून काय उपयोग. उद्या ये, त्यांना सांग."

शुक्रवारी परीक्षेच्या मैदानाबाहेर शिंपीणबाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. ओठ हलत होते. क्लच, हळू, हळू, हे पाठ चाललं होतं. स्टेथोने घसा साफ केला आणि एका दमात सांगून टाकलं. मागच्या वेळी गाडी बंद पडली ती त्यांच्या पायामुळे नाही. आवाज लपवायला त्याने जाड ऑइल भरलं होतं, त्यामुळे.

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली. "म्हणजे माझा पाय बरोबर होता?"

"बरोबर होता."

"अहो भाऊ, शिलाई मशीनला जाड तेल घालायचं नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. मशीन जड होतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

छोटी दुसरीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

बाई गाडीत बसल्या. परीक्षक बसला. इंजिन सुरू झालं, टक-टक-टक-टक, आणि परीक्षकाने काच खाली करून विचारलं की हा कसला आवाज. स्टेथोने दात दाबून धरले. खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरवर हात गेला, तो हात त्याने मागे घेतला.

"त्याचं काही नाही," खिडकीतून बाईच म्हणाल्या, "तो असाच असतो." आणि क्लच सोडला. हळू.