मधल्या उंचीचा नळ

एफ्टिमिए होसू आमच्याच जिन्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. आम्ही दुसऱ्यावर. कारखान्यात ते यंत्रनियंत्रणाचे इंजिनिअर, मी तांत्रिक विभागात टंकलेखिका आणि माझा नवरा कॉर्नेल नळजोडणीच्या टोळीत. होसू उंच, थोडे वाकलेले, कोटाच्या खिशात नेहमी एखादं सफरचंद. समोर कोणीही येवो, नमस्कार आधी त्यांचा. १९८४च्या डिसेंबरपर्यंत या माणसाबद्दल याहून जास्त लिहावं असं मला काही दिसलं नव्हतं.

नव्या नियंत्रण-यंत्रावरचा त्यांचा निबंध मीच टाइप केला, म्हणून त्यातलं थोडं मला कळायचं. आमच्याकडे राळ तयार करायचं मोठं बंद भांडं होतं. आतली क्रिया सुरू झाली की उष्णता आपली आपण वाढत जाते. भांड्याला दुहेरी भिंत असते, तिच्यातून थंड पाणी फिरवून ती उष्णता काढावी लागते. जुनं यंत्र तापमानाचा काटा जरा हलला की पाण्याची झडप खाडकन उघडायचं, लगेच मिटायचं, आणि त्या धांदलीनं भांडं आणखी बिथरायचं. होसूंचं म्हणणं असं, की आत किती उष्णता आली, किती साठली, बाहेर किती गेली, तेवढंच पाहायचं. यंत्रानं पदरचं काही घालायचं नाही, जास्तीचं तेवढं काढून घ्यायचं. मग भांडं कितीही हट्टी असलं तरी निवतंच. या गुणाला ते निष्क्रियता म्हणत.

भांड्यावर पाळी करणारी झेनोविया ते ऐकून म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, निष्क्रिय यंत्र आणखी कशाला आणताय? वरच्या मजल्यावर डायरेक्टर बसलेत की."

सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हसले. होसूसुद्धा.

होसूंचं नवं यंत्र भांड्याला बसलं आणि दोन वर्षं बिनतक्रार चाललं. तिसऱ्या हिवाळ्यात आमच्या इमारतींना गरम पाणी आठवड्यातून दोनदा येऊ लागलं, तेही कोमट. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना गार पाण्यानं पुसताना माझ्याच अंगावर काटा यायचा. मी कॉर्नेलच्या मागे लागले. कारखान्यातल्या भांड्याच्या त्या दुहेरी भिंतीला मध्यावर एक बंद तोटी होती, तिला त्यानं नळ जोडला. वाफाळतं, स्वच्छ पाणी. महिन्याभरात अर्ध्या वसाहतीच्या बायका बादल्या घेऊन यायला लागल्या. मुकादमाला ठाऊक, पहारेकऱ्याला ठाऊक, कागदावर मात्र कुठेच नाही. होसूंची बायको लिजियाही दर शनिवारी दोन बादल्या न्यायची.

चोवीस डिसेंबर हा सरकारी कॅलेंडरात साधा सोमवार होता. पण नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे अंघोळ केल्याशिवाय कोणी ताटावर बसत नाही. सकाळपासून नळापाशी रांग लागली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आतल्या दाबानं भांड्याच्या माथ्यावरची सुरक्षेची चकती फाटली. आमच्या कचेरीच्या काचा थरथरल्या. उकळती राळ आणि वाफ बाहेर फेकली गेली आणि झेनोवियाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कॉर्नेलनं त्याच संध्याकाळी नळ काढून तोटी बंद केली.

अठ्ठावीस तारखेला कॅन्टीनमध्ये चौकशी बसली. राजधानीतून आलेले कॉम्रेड अध्यक्ष होते. जबान्या टाइप करायला मी होते. झेनोविया पाळीवर झोपली होती, असं त्यांनी आधीच ठरवून आणलं होतं. प्रकरण सरकारी वकिलाकडे जाणार होतं, म्हणजे तुरुंग.

झेनोविया बँडेज बांधलेला हात छातीशी धरून उभी होती. म्हणाली, "मी काट्याकडेच बघत होते. काटा ठीक होता. भांडं ठीक नव्हतं."

चौकशीवाल्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. खोलीतल्या आमच्यापैकी प्रत्येकानं त्या नळाच्या पाण्यानं अंघोळ केली होती आणि प्रत्येक जण खाली बघत होता.

मग होसू उठले. तीन दिवस ते आकडेमोड तपासत होते आणि त्यात चूक सापडत नव्हती. शेवटी भांड्यापाशी जाऊन पाहिलं, तर मधल्या तोटीच्या आट्यांवर ताजा ताग, नळ जोडताना गळू नये म्हणून गुंडाळतात तो. हे त्यांनी शांतपणे सांगितलं. पाणी मोजलं जायचं खाली, शिरताना. मध्यावर ते निम्मं निघून जायचं. यंत्राला वाटायचं की सगळं पाणी वरपर्यंत जाऊन उष्णता घेऊन आलं. तापमापीही खालच्या भागातच होता. वरचा भाग तापत राहिला आणि यंत्र समाधानी राहिलं. काट्यावरून झेनोवियाला हे दिसणं शक्यच नव्हतं.

"नळ कोणी बसवला?" अध्यक्षांनी विचारलं.

कॉर्नेल तिसऱ्या रांगेत टोपी मुठीत धरून बसला होता. मी त्याच्याकडे बघत होते. तो उठेल असं मला वाटलं. उठू नये असंही वाटलं.

"मी," होसू म्हणाले.

माझी बोटं थांबली. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "टाइप करा, कॉम्रेड." मी टाइप केलं. खोटं आहे हे माहीत असून टाइप केलेलं आणि खाली सही केलेलं आयुष्यातलं ते एकच वाक्य.

संध्याकाळी जिन्यात कॉर्नेलनं होसूंना अडवलं. म्हणाला, "साहेब, मी उद्या जाऊन खरं सांगतो."

"काय सांगाल, कॉर्नेलदादा? घरं गार आहेत हे मला ठाऊक होतं. दर शनिवारी मी गरम पाण्यानं अंघोळ करत होतो. कुठून येतं, एकदाही विचारलं नाही. किती बाहेर जातं हे पाहणं माझंच काम होतं ना?" मग ते म्हणाले, "आणि तुम्ही गेलात तरी ते मला सोडणार नाहीत. दोघंही आत जाऊ. तुमच्या आईंना कोण बघणार?"

झेनोविया मार्चमध्ये कामावर परत आली. होसूंचा तुरुंग टळला, पण त्यांना मिठाच्या खाणीवर पंपदुरुस्तीला पाठवलं, इंजिनिअर म्हणून नव्हे, फिटर म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. उभ्याउभ्याच कॉर्नेलला विचारलं, नळ जमिनीपासून किती उंच होता आणि त्या दिवशी साधारण किती बादल्या गेल्या.

कॉर्नेल म्हणाला, "एक मीटर चाळीस. बादल्या त्रेसष्ट, मी बघितलं तोवर."

होसूंनी ते आपल्या आकडेमोडीच्या कागदावर लिहून घेतलं, आभार मानले आणि वर गेले.

कॉर्नेल त्यानंतर सव्वीस वर्षं जगला. खरं सांगायला तो कधी गेला नाही. मीही त्याला जा म्हटलं नाही.