बाबा स्काउटला जातो

बायको त्याला 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणायची आणि मायदेशी राहिलेला थोरला भाऊ फोनवर 'काय कवळीवाले' म्हणायचा. तिघांनाही तो सारख्याच तत्परतेने ओ द्यायचा. भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. परदेशात येऊन दीड वर्ष झालं होतं आणि रोज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तो एका छोट्या प्रयोगशाळेत बसून कवळ्या बनवायचा. समोर प्लॅस्टरचा जबडा, हातात मेण आणि कोरणी. या कामाला बोलावं फारसं लागत नाही. 'वरचा', 'खालचा', 'घट्ट बसतोय', 'उद्या देतो' आणि 'मला कळलं नाही', एवढ्या शिदोरीवर त्याने दीड वर्ष रेटलं होतं. यातलं शेवटचं वाक्य तर तो इतकं झोकात म्हणायचा, की ऐकणाऱ्याला वाटे याला सगळं कळतं.

लेक नऊ वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. तिने तिथली भाषा चार महिन्यांत आत्मसात केली आणि पाचव्या महिन्यात त्या भाषेत भांडायला लागली. एक दिवस ती शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. स्काउटमध्ये नाव घालायचं होतं, आणि त्याआधी पालकांची सभा होती.

"मीच गेले असते," बायको म्हणाली, "पण त्याच दिवशी माझा भाषेचा वर्ग आहे. तुम्ही नुसते जाऊन बसा. सही मागितली तर करा, नाही मागितली तर परत या."

तो गेला. शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये मुलांच्या बुटक्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यावर पंचवीसेक आईबाप गुडघे छातीशी घेऊन बसले होते. समोर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, गळ्यात रुमाल, रुमालावर शिटी. एरवी त्या शहरात बस चालवायच्या, हे त्याला नंतर कळलं. बाई पाऊण तास बोलल्या. तो इतरांकडे बघून मान डोलवत होता. लोक हसले की हा हसायचा. मग बाईंनी काहीतरी विचारलं आणि हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. कुणी बुटांकडे बघू लागलं, कुणी मोबाईल काढला. बाईंनी पुन्हा विचारलं. त्यात त्याला 'नवीन' हा शब्द ओळखू आला. नवीन कोण, असं विचारतायत, त्याने मनाशी जुळवलं. सगळ्या हॉलात आपल्याइतका नवीन दुसरा कोण असणार? त्याने हात वर केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानेही वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांनी त्याची पाठ थोपटली. बाईंनी येऊन त्याच्या हातात चार कागद ठेवले, आणि मागितली तिथे त्याने सही केली.

रात्रीच्या जेवणाआधी बायकोने ते कागद शब्दकोश घेऊन वाचले. वाचता वाचता ती थांबली, पुन्हा वाचलं.

"अहो, तुम्ही तिथे काय करून आलात?"

"का? काय झालं?"

"तुम्ही नवीन मदतनीस झाला आहात. दर शनिवारी. दोन वर्षं."

"मी? कुणाचा मदतनीस?"

"बाईंचा. पोरांना सांभाळायला. पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला आणायचाय, डॉक्टरचा आणायचाय." मग तिला हसू आवरेना. "अहो, तुम्ही लग्नालासुद्धा इतक्या पटकन हो म्हणाला नव्हतात!"

खारूताई मात्र हसली नाही. "बाबा येणार? तिथे? दर शनिवारी?" असं तिने आईला विचारलं. ती खूश होती की हबकली होती, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नाही.

पहिल्या शनिवारी तो दारातच चुकला. बाईंनी हात पुढे केला तो डावा. त्याने उजवा दिला. मग त्यांनी डावा हलवून दाखवला तेव्हा त्याला वाटलं, यांचा उजवा हात दुखतोय. त्याने काळजीने चौकशीचा चेहरा केला. मागून खारूताई मराठीत कुजबुजली, "बाबा, डावा दे, डावा! इथे डावाच देतात."

"डावा कशाला?"

"हृदय तिकडे असतं म्हणून. दे ना!"

त्याने डावा हात दिला खरा, पण मनातून ओशाळला. जन्मभर जो हात मागे ठेवायला शिकला, तो असा सर्वांदेखत पुढे करायचा म्हणजे काय? पुढे मुलांनी तीन बोटं कपाळाशी नेली, त्याने पाची नेली. मुलं वर्तुळात उजवीकडे फिरली, तो डावीकडे. एका खेळात त्याला मधोमध हात पसरून उभं केलं आणि वीस मुलं त्याच्याभोवती किंचाळत धावली. तो झाड होता, का राक्षस, का घर, हे त्याला शेवटपर्यंत उमजलं नाही. खेळ संपल्यावर मुलांनी त्याला हरल्याचं सांगितलं.

तिथल्या मोठ्या माणसांना मुलं एकेका प्राण्याचं नाव देत. तिसऱ्या शनिवारी मुलांनी गंभीरपणे सल्लामसलत करून त्याचं नाव ठरवलं. शब्द शब्दकोशात होता, पण अर्थ वाचून डोक्यात प्रकाश पडेना. मग बायकोने वर्गातून माहिती आणली. "पाण्यात राहतो म्हणे. दातांनी झाडं पाडतो आणि बांध घालतो." तिने मोबाईलवर चित्र दाखवलं. पुढे आलेले दोन पिवळे दात आणि चपटी शेपटी.

"ही तारीफ आहे का टिंगल?" त्याने विचारलं.

"तुम्ही दातांचं काम करता म्हणून असेल."

"पण मुलांना ते कुणी सांगितलं?"

खारूताईने खांदे उडवले. त्या रविवारी तो आरशासमोर जरा जास्तच वेळ दात घासत होता.

एका गोष्टीत मात्र त्याला कुणाच्या भाषेची गरज पडली नाही. दोऱ्यांच्या गाठी. मेणाचे इवलेसे दात कोरणारी बोटं ती. बाईंनी एकदा करून दाखवली की त्याच्या हातात गाठ तयार. मुलं रांग लावून त्याच्याकडे दोऱ्या आणू लागली. तो त्यांची बोटं धरून दोरी फिरवायचा आणि मराठीतच म्हणायचा, "ही वरून, ही खालून, आता ओढ." मुलं 'आता ओढ' शिकली. वीस पोरं एका सुरात 'आता ओढ' ओरडायची तेव्हा खारूताई कानावर हात ठेवायची.

उन्हाळ्यात तीन दिवसांचं शिबिर आलं. गावाबाहेर जंगल, कापडी तंबू, भल्या मोठ्या पातेल्यात एकच एक सूप. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीला नकाशा आणि होकायंत्र दिलं. नकाशावरच्या खुणा शोधत दुपारच्या जेवणाला परत यायचं. त्याच्या वाट्याला सहा मुलं आली, त्यात खारूताई. निघताना बाईंनी त्याला हातवारे करून काहीतरी बजावलं. ओढ्याशी आल्यावर काहीतरी करायचं होतं किंवा मुळीच करायचं नव्हतं. त्याने मान डोलावली.

ओढा आला. तो ओलांडून ते पुढे गेले. अर्ध्या तासाने वाट एका काटेरी तारेच्या कुंपणाशी जाऊन संपली. पलीकडे तीन गाई यांच्याकडे बघत उभ्या होत्या. नकाशात गाई नव्हत्या. त्याने नकाशा आडवा धरला, मग उलटा. मुलांमध्ये कालवा सुरू झाला. सगळी त्याला काही ना काही विचारत होती आणि तो खारूताईकडे बघत होता.

"काय म्हणतायत गं?"

"विचारतायत, आता कुठे जायचं."

"सांग त्यांना, बाबा बघतायत म्हणून."

"मी नाही सांगत." तिचे कान लाल झाले होते. "बाबा, तू सारखं माझ्याशी मराठीत बोलू नको ना. सगळ्यांना कळतं की तुला काहीच कळत नाही."

हे तिने मराठीतच सांगितलं. तरीही सगळी मुलं गप्प झाली.

तो गवतावर खाली बसला. नकाशा मध्ये ठेवला. आणि त्याला सर्वांत चांगलं येणारं वाक्य त्याने त्यांच्या भाषेत स्वच्छ उच्चारलं, "मला कळलं नाही." मग हाताने मुलांकडे दाखवलं: तुम्ही बघा.

मुलं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग चष्मेवाल्या मुलीने नकाशा ओढला आणि जो गदारोळ माजला तो माजला. होकायंत्र ठेवलं, भांडण झालं, पुन्हा ठेवलं. खारूताईचा आवाज सर्वांच्या वर होता. तो बिस्किटं वाटत बसला. शेवटी ती सहाजणं एका दिशेला निघाली आणि हा मागून. ओढा पुन्हा ओलांडला, एक टेकडी चढले, उतरले आणि शिबिराचा झेंडा दिसला, तेव्हा जेवण होऊन दोन तास लोटले होते.

बाई धावत आल्या. आधी मुलं मोजली. मग त्याच्यासमोर उभ्या राहून मोठ्या आवाजात बरंच बोलल्या. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि एक बोट त्याच्या छातीवर आपटत होतं. मुलं मध्येच ओरडून आपली हकिगत सांगत होती. मग बाई हसल्या. मग पुन्हा बोट आपटलं. शेवटी त्यांनी डावा हात पुढे केला आणि याचा हात चांगला गदागदा हलवला.

"काय म्हणाल्या?" त्याने लेकीला विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि तंबूकडे पळाली.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा खारूताईने जाहीर केलं की ती स्काउट सोडणार. तिला पोहण्याच्या वर्गाला जायचं होतं, तोही शनिवारी.

"माझ्यामुळे का गं?" त्याने विचारलं.

"नाही. मला पोहायला आवडतं."

त्याने बायकोला खाजगीत विचारायला लावलं. तिलाही तेच उत्तर मिळालं. "खरंच आवडत असेल तिला पोहायला," बायको म्हणाली. "असू शकतं."

"असू शकतं," तो म्हणाला. पण हातातला मेणाचा दात त्या आठवड्यात दोनदा वाकडा झाला.

लेकच नाही तर आपण तरी कशाला, म्हणून बायकोने राजीनाम्याची चिठ्ठी लिहून दिली, चांगल्या भाषेत, तीन ओळींची. त्याने ती शर्टाच्या खिशात घातली. शनिवारी हॉलवर पोचतो तर बाईंचं मनगट प्लॅस्टरमध्ये. बसच्या पायरीवरून घसरल्या होत्या. एवढी वर्षं प्लॅस्टरशी खेळूनही इतकं ओबडधोबड प्लॅस्टर त्याने पाहिलं नव्हतं. त्याने खिशाकडे हात नेला, तेवढ्यात बाईंनी शिटी गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातली. आत नवीन मुलं आली होती, त्यातल्या एकाच्या बुटाची नाडी सुटली होती, आणि जुनी सगळी दोऱ्या घेऊन तयारच होती. चिठ्ठी द्यायची राहून गेली. पुढच्या शनिवारी देऊ म्हणता म्हणता ती शर्टाबरोबर धुवायच्या यंत्रात गेली. बायकोने खिशातून लगदा काढून दाखवला.

"दुसरी लिहू?"

"बघू," तो म्हणाला.

तेव्हापासून शनिवारी सकाळी घरातून दोन दिशांना माणसं जातात. मायलेकी टॉवेल घेऊन तरणतलावाकडे आणि तो गळ्यात रुमाल बांधून शाळेच्या हॉलकडे. दोन वर्षं संपली तेव्हा बाईंनी पुन्हा कागद पुढे केले आणि या खेपेला त्याने ते घरी आणून, बायकोकडून ओळ न् ओळ समजून घेऊन सही केली. भावाने फोनवर ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, पोरगी जात नाही, भाषा धड येत नाही, मग तू तिथे जातोस तरी कशाला?"

"मुलं वाट बघतात," तो म्हणाला. मग वाटलं, हे तितकंसं खरं नाही. बघतही नसतील. "सांगतो नंतर," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

खारूताई पलीकडे अभ्यास करत होती. आता ती बारा वर्षांची होत आली होती. वहीतून मान वर न काढता ती म्हणाली, "बाबा, तुझा रुमाल मी इस्त्री करून ठेवलाय. कपाटात वरच्या खणात."

"तू? कधी?"

"काल," ती म्हणाली आणि गणितं करत राहिली. तिला काही विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण नेमकं काय विचारायचं ते न ठरल्यामुळे तो चहा ठेवायला आत गेला.