देव म्हटलं म्हणून

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी काही विचारलं की अर्धवट माहीत असलं तरी उत्तर द्यायची सवय लागली आहे. इथे कॅलिफोर्नियात शिकायला आल्यावर सनीव्हेलच्या काकूंकडेही तसंच झालं. त्या आईच्या ओळखीच्या. दर शनिवारी मला जेवायला बोलावतात.

सुट्टीत मैत्रिणींबरोबर ॲरिझोनाला गेले होते. तिथे होपी आदिवासींपैकी एका कारागिरांच्या घरी लाकडात कोरलेले कात्सिना पाहिले. कात्सिना म्हणजे पाऊस आणणारे, होपींचे अदृश्य सोबती. नवे नमुने बैठकीवर उभे, अंगावरचं पीसन्‌पीस कोरलेलं, हौशी लोकांच्या कपाटासाठी. जुन्या पद्धतीचा एक मात्र चपटा, गळ्यात दोरा बांधलेला. असे लहान मुलींना देतात, ते म्हणाले. भिंतीवर टांगायचा, बघत बघत ओळखायला शिकायचं. हे खेळणं नाही, आणि याची पूजाही करायची नाही. काकूंच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी मी तोच घेतला.

काकूंनी विचारलं, "हे काय गं?" 'बाहुली' म्हणायला कसंतरी वाटलं. म्हटलं, "त्यांचा देव आहे, काकू. पावसाचा."

"अगंबाई, मग असा खाली काय ठेवलास!" त्यांनी हात धुतले, त्याला मायक्रोवेव्हच्या वरच्या देवघरात ठेवलं आणि हळदकुंकू लावलं.

"कॅन आय होल्ड इट?" मुलीने विचारलं.

"नाही राजा, देवबाप्पा आहे तो."

पुढच्या शनिवारीही ती टाचा उंचावून त्याच्याकडे बघत होती, आणि मी वरणभात जेवत होते. शेवटी सांगितलंच, याची पूजा करत नाहीत म्हणून.

"आणि मी रोज पूजा करतेय!" काकू म्हणाल्या. "आता काय, विसर्जन?"

"पॅसिफिक जवळच आहे," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो." काकूंनी अक्षता वाहिल्या, उत्तरपूजेला मूर्ती हलवतात तसं त्याला जरासं हलवलं आणि मुलीच्या हातात दिलं. हेही चुकीचंच होतं; पूजाच नाही, तर उत्तरपूजा कसली? पण मी उठून भिंतीसाठी खिळा शोधला.

आता तो तिच्या पलंगाशेजारी भिंतीवर आहे. पांढऱ्या कपाळावर कुंकवाचा डाग राहिलाच. रंग मातीचा, जास्त घासवत नाही. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, व्हॉट्स हिज नेम?"

प्रत्येक कात्सिनाचं वेगळं नाव असतं. त्या कारागिरांनी मला याचं दोनदा सांगितलं होतं. मी मान डोलावत होते, आणि फोटो कुठून चांगला येईल ते बघत होते.